झोपेतल्या घोषणा

४ मार्च

प्रिय मावशी,

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला की तू तो स्पीकरवर ठेवतेस, काका समोर बसून सगळं ऐकतात, एक अक्षर बोलत नाहीत, आणि मग माझीही बोबडी वळते. आजची गोष्ट तर त्यांच्याबद्दलचीच आहे.

माझा गेम एकदाचा बाहेर पडला. तू विचारायचीस ना, दिवसभर खोलीत बसून नेमकं काय करतेस? ऐक. एक राज्य आहे. तिथल्या राजाला झोप येत नाही. आपल्याला येत नाही म्हणून तो इतरांच्या झोपेवर डोळा ठेवून असतो, आणि त्याने स्वप्नांवर कर बसवलाय. खेळणारा म्हणजे राजाचा वसुली कारकून. त्याच्याकडे तलवार नाही, मोजपट्टी आहे. घरोघरी जायचं, झोपलेल्याचं स्वप्न मोजायचं, त्याला उठवायचं आणि पावती फाडायची. उडण्याच्या स्वप्नाला चैनीचा कर, पडण्याच्या स्वप्नाला सूट. स्वप्नात शेजारी आले तर पाहुणेकर वेगळा. परीक्षेचं स्वप्न पडलं तर राजाच उलट भरपाई देतो, पण त्याचा अर्ज करायला जागं राहावं लागतं. आणि एकदा कर भरला की त्या माणसाला पुन्हा स्वप्न पडत नाही.

मला वाटलं होतं, लोक हसतील, हावरटासारखी वसुली करतील, बढत्या घेतील आणि शेवटी स्वतःशीच ओशाळतील. झालं भलतंच. लोक कर घेतच नाहीयेत. एकीने अभिप्रायात लिहिलंय, "वसुलीला गेले आणि पांघरूण घालून परत आले." एकजण म्हणतो, खेळ कुठाय, मी नुसता झोपलेल्यांच्या घरांतून चोरपावलांनी फिरतोय. त्याने नापसंतीचा अंगठा दिला, पण रोज येतो. आणखी एकाने फक्त "मला झोप लागली" एवढंच लिहिलंय. ही स्तुती की निंदा, काही कळेना.

सगळ्यांत लाडका कोण झालाय माहितेय? गल्लीच्या टोकाच्या घरातला म्हातारा. तो झोपेत गाड्यांच्या घोषणा करतो. "आरशामागे जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटेल." "ज्यांचे पाय हरवले असतील त्यांनी चौकशी खिडकीशी यावे." होय, आपले काकाच! तू चहा पिताना हसत हसत सांगायचीस ते सगळं मी लक्षात ठेवलं होतं. लोक त्याच्या उशाशी तासन्‌तास बसतात. मागच्या वर्षी तुझ्याकडे राहिले होते ना, तेव्हा एका दुपारी तुझ्या पडदे शिवायच्या खोलीत मी कापडाच्या ढिगावर पडले होते. भिंतीपलीकडे काका झोपले होते, आणि मला ऐकू आलं, "खिडकीजवळची जागा रिकामी ठेवा. ती येणार आहे. ती आल्याशिवाय गाडी सोडायची नाही." तेही घातलंय. मावशी, लोक त्या वाक्यावर अक्षरशः जीव टाकताहेत. ती म्हणजे कोण, यावर रोज वाद रंगतात.

तुझं श्रेय तुला द्यायचं म्हणून लिहिलं. खूश आहेस ना?

तुझी,
भिंगरी


१३ मार्च

प्रिय भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. गेम चालला याचा आनंद आहे. तो राजा वाचून कोण आठवलं, ते लिहीत नाही. आमच्या इमारतीच्या कमिटीत तसा एकजण आहे.

आता दुसरं. गाड्यांच्या घोषणा मी तुला सांगितल्या होत्या, तेव्हा त्यांच्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. पण खिडकीजवळच्या जागेचं मी तुला सांगितलं नव्हतं. तुला काय, कुणालाच नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही, आणि तिच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असूनही मी तिला बाकी सगळं सांगत आलेय.

पडदे शिवणारी बाई मी. घरातलं बाहेर दिसू नये म्हणून लोकांच्या खिडक्यांची मापं घेण्यात हयात गेली. आणि तू माझ्याच उशाशी झालेलं बोलणं चव्हाट्यावर मांडलंस.

तुझे काका कसे आहेत ते तू पाहिलंयस. बसस्टँडवर माइकसमोर बोलण्याचा पगार घेतला, घरी फुकट कशाला बोलतील? भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगत नाहीत, पाणी पितात. मला जो काही संसार बोलता-बोलता मिळाला, तो ह्यांच्या झोपेतून. आणि ते वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोहरून गेले, वाटलं, माझ्यासाठीच ठेवलीय जागा. मग वाटलं, मी तर इथेच शेजारी पडलेय. मग येणार आहे ती कोण?

विचारलं का नाहीस, म्हणशील. झोपेत विचारावं तर जागे होतील, आणि जागेपणी विचारलं तर मिठाची गुळणी धरून बसतील. आणि खरं सांगायचं तर उत्तराची भीती वाटते. इतकी वर्षं मी ती भीती घडी घालून कपाटात ठेवली होती. आता जगभरातली रिकामटेकडी माणसं तीच उलगडून बघताहेत.

ते वाक्य काढून टाक. बाकीचं राहू दे.

तुझी,
मावशी


२० मार्च

प्रिय मावशी,

काढलं. पत्र वाचल्या वाचल्या काढलं, जेवलेसुद्धा नाही. मला खरंच वाटलं होतं की ती एक गोड गंमत आहे. माझं चुकलं, मावशी. भिंतीपलीकडचं ऐकलं ते ऐकलं, निदान विचारायचं तरी होतं.

एक सांगायलाच हवं, नाहीतर तुला दुसरीकडून कळेल. वाक्य काढलं, पण त्या म्हाताऱ्याचे ओठ हलण्याचं चित्र वेगळ्या ठिकाणी आहे, ते घाईत राहून गेलं. त्यामुळे आता तो बाकीच्या घोषणा करतो, मग जरा थांबतो, आणि ओठ हलतात. वर बोलण्याचा फुगा उघडतो, पण रिकामा. लोक वेडे झालेत. "कालपर्यंत बोलत होता, तुम्ही त्याला उठवलंत का?" अशी पत्रांवर पत्रं येताहेत. काहींना वाटतंय, राजाने वटहुकूम काढला. काहींनी आपला कारकून त्याच्या घराच्या पायरीवर बसवून ठेवलाय आणि खेळणंच थांबवलंय. त्या पायऱ्यांचे फोटो एकमेकांना पाठवतात. प्रत्येकाच्या चित्रात वेगळी वेळ असते. कुठे सकाळचं कोवळं ऊन, कुठे धुकं, आणि तो एक कारकून मोजपट्टी गुंडाळून गप्प बसलेला.

ओठांचं चित्रही काढून टाकते. तू रागावली असशील तर राग पत्रात लिही, पण लिही.

तुझी,
भिंगरी


२ मे

प्रिय भिंगरीस आशीर्वाद.

राग नाही. लिहायला उशीर झाला कारण इकडे दवाखान्याच्या वाऱ्या चालल्या होत्या. काळजी करू नकोस, माणूस धडधाकट आहे.

झालं असं, की ह्यांचं घोरणं अलीकडे फार वाढलं होतं. मधेच श्वास थांबल्यासारखा व्हायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि एक यंत्र दिलं. नाकातोंडावर मास्क, त्याला नळी, नळीला उशाशी ठेवायची डबी. दुपारी झोपतानाही लावायचं. आता हे असे झोपतात की बघत राहावं. चेहऱ्यावर तजेला आलाय, जिना चढताना धाप लागत नाही. बागेच्या दोन फेऱ्या जास्त मारतात. देवाची कृपा म्हणायची, तक्रार कशाची करायची?

पण बोलणं बंद झालं गं. एक घोषणा नाही. आधी वाटलं, मास्कमुळे ऐकू येत नसेल. मी डबीशी कान लावून पाहिला. नुसता वारा. डॉक्टरांना आडून विचारलं तर म्हणाले, गाढ झोप लागली की असलं बरळणं थांबतं, चांगली खूण आहे. मी मान हलवली आणि घरी येऊन उगाच तीन पडद्यांची शिवण उसवली.

मी बाजूला पडून राहते. खोलीत ऊन हळूहळू भिंतीवर चढतं, अर्धवट शिवलेले पडदे वाऱ्याने फुगतात आणि बसतात, मला पेंग येते. पेंगेत वाटतं, आता म्हणतील, आता म्हणतील. असं वाटतं की मी स्टँडवर बसलेय आणि सगळे फलाट रिकामे आहेत.

जागेपणी बोलत नाहीत याची सवय होती. हे नवीन आहे.

तुझा तो गेम कसा खेळायचा? तुझ्या म्हाताऱ्याच्या घोषणा अजून आहेत ना त्यात? त्या तेवढ्या बघायच्या होत्या. हसू नकोस.

तुझी,
मावशी


१० मे

प्रिय मावशी,

हसले नाही. 

सोबत टॅबलेट पाठवतेय. गेम त्यात घालून ठेवलाय, उघडला की सुरू होईल. बोटाने जिकडे दाखवशील तिकडे कारकून चालेल. चुकलीस तर काही बिघडत नाही, राजा फक्त ओरडतो. म्हाताऱ्याचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे.

एक कबूल करते, ओठांचं चित्र काढलं नाही. काढायला बसले आणि काढवेना. फुगा रिकामाच आहे, तुला दिलेला शब्द मी मोडलेला नाही. पण त्या रिकाम्या फुग्यात लोक काय काय भरताहेत ते तुला सांगावंसं वाटतं. कुणी म्हणतं, ती म्हणजे झोप. कुणी म्हणतं, लहानपणी वारलेली बहीण. एकाने तर सगळ्या घोषणांतल्या गाड्यांचा नकाशाच काढलाय आणि त्या सगळ्या एकाच घराकडे जातात असं त्याचं म्हणणं आहे. पण मला पटलं ते एका बाईंचं. त्यांनी लिहिलंय, "ती कुणीही असो, हा माणूस तिच्यासाठी अख्खी गाडी अडवून बसलाय. जागेपणी एवढी हिंमत कुणात असते?"

वाक्य परत घालू का? तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
भिंगरी


२८ मे

प्रिय भिंगरीस आशीर्वाद.

टॅबलेट मिळाला. आधी एक चूक सांगते. तुझा कारकून मोजपट्टी उलटी धरतो, शून्याचं टोक हाताबाहेर लोंबतं. असं माप घेतलं तर पडदा वीतभर आखूड होईल. दुरुस्त कर.

आता तुझे ते हळवे खेळाडू काय करतात ते त्यांना लखलाभ. मी सगळ्यांना उठवलं. काम म्हणजे काम. उडणाऱ्याकडून चैनीचा कर घेतला, जिच्या स्वप्नात शेजारी आले तिच्याकडून पाहुणेकर घेतला, आणि तिला सांगावंसं वाटलं की बाई, जागेपणीही त्यांना आत घेऊ नकोस. मला दोन बढत्या मिळाल्या. राजाने पदक दिलं. गल्ली शांत होत गेली, एकेका घरावरचा तो स्वप्नांचा निळसर धूर विरत गेला, तरी मला काही वाटलं नाही.

मग टोकाचं घर आलं. दार ढकललं. आणि तो झोपलेला. तू त्याला ह्यांच्यासारखा उजवा हात गालाखाली दिलायस. "आरशामागे जाणारी गाडी" म्हणाला, आणि माझा हात थांबला. वर राजा ओरडत होता, वसुली करा, वसुली करा. मी तशीच बसून राहिले. मग ओठ हलले आणि तो रिकामा फुगा उघडला. मला त्यात अक्षरं दिसली, तू घातलेली नसताना.

पाठीमागे हे उभे होते. कधी आले कळलं नाही. म्हणाले, "हा कोण?"

लपवणार तरी कुठवर. म्हटलं, "तुम्ही."

चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि सगळ्या घोषणा वाचल्या. मी सांगितलं, तुम्ही झोपेत असं बोलायचात, आपल्या भिंगरीने गेमात घातलंय, जगभर लोक तुमच्या उशाशी बसतात. मग रिकाम्या फुग्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. इथे काय होतं, असं विचारलं नाही, नुसतं बघितलं. मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं, आणि ती कोण हे मला ठाऊक नाही, हेही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. त्यावर चार दिवस झाले, ब्र नाही.

एवढंच, की मी कुणाच्या घरी मापं घ्यायला जाऊन परत आले की टॅबलेट गरम लागतो. आणि मी आत पलंगाशी उभा केलेला कारकून बाहेर पायरीवर बसलेला असतो.

वाक्याचं आत्ता काही करू नकोस.

तुझी,
मावशी


५ जून

प्रिय मावशी,

काका काही बोलले का? इथे कामात लक्ष लागत नाही. मोजपट्टी सुलटी केली, त्यावर एका शिंप्याने आभाराचं पत्र पाठवलं, तेवढंच काय ते काम झालं. मला सारखं वाटतंय की मी तुमच्या घरात नको तिथे हात घातला. तू रागावलेली नाहीस म्हणतेस, पण काका? त्यांचा राग ओळखायचा तरी कसा, आणि त्यांना माझ्याबद्दल काय वाटतंय हे कळायचं कसं?

दोन ओळी लिही, पण लवकर लिही.

तुझी,
भिंगरी


१९ जून

प्रिय भिंगरीस आशीर्वाद.

ते वाक्य परत घाल. का ते सांगते, पण ते आपल्या दोघींत. तुझ्या खेळाडूंना सांगू नकोस, भांडू देत त्यांना.

काल दुपारी वीज गेली. मी पुढच्या खोलीत एका शाळेचे पडदे शिवत होते. ते आधीच निळे, त्यातून ऊन गाळून येत होतं, त्यामुळे सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी झाली होती. वीज नाही म्हणजे ह्यांचं यंत्र बंद. हे बाहेर आले आणि माझ्यासमोरच्या लांब खुर्चीवर आडवे झाले. एरवी इथे कधी झोपत नाहीत, शिवणाच्या मशीनच्या आवाजाचा त्रास होतो. मी मशीनवरचा पाय थांबवला आणि हाताने शिवायला घेतलं. मशीन थांबल्यावर रस्त्यावरचाही आवाज येईना, सगळं गावच पेंगतंय असं वाटलं.

थोड्या वेळाने घोषणा सुरू झाली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. ढगांच्या कारखान्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, आवाज अगदी तोच. मला रडू यायला लागलं होतं, एवढ्यात ह्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. चष्मा काढून, काड्या मिटून, मुठीत घट्ट धरलेला होता. झोपलेल्या माणसाची मूठ अशी नसते गं. केव्हाच सैल पडून चष्मा जमिनीवर गेला असता.

माणूस टक्क जागा होता.

मी काही दाखवलं नाही. उठून जवळ जाऊन बसले. दोन-तीन गाड्या आणखी आल्या-गेल्या. मग जरा थांबले आणि म्हणाले, "खिडकीजवळची जागा रिकामी ठेवा. ती येणार आहे. ती आल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

एवढा संसार झाला, झोपेतल्या त्यांना मी कधी उलट बोलले नव्हते. काल बोलले. विचारलं, "कोण येणार आहे?"

मला वाटलं, संपलं, आता उठून कुंड्यांकडे जातील. मग माइकसमोर बोलायचे त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात ज्यांना उलटी झाली, त्या बाई."

भिंगरे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी स्वतः तर विसरूनच गेले होते. लग्नानंतर आम्ही ह्यांच्या बहिणीकडे निघालो होतो. मला बसचा वास सोसत नाही, खिडकी हवी, असं मी ह्यांच्या कानात सांगितलं होतं. खिडकीत एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांना उठा म्हणायला हे लाजले. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. पहिल्याच वळणावर मी ह्यांच्या नव्या कोऱ्या पँटवर ओकले. हे एक शब्द बोलले नाहीत, रुमालाने पुसत राहिले. मला वाटलं होतं, रागावलेत. तुझ्या त्या खेळाडू बाईंना माझा नमस्कार कळव, कारण काय ते सांगू नकोस.

म्हणजे त्या दिवशी जे तोंडातून निघालं नाही, ते हा माणूस आजवर झोपेत म्हणत होता. आणि मी शेजारी पडून दुसरीच कुणीतरी येतेय की काय म्हणून जीव जाळत होते. हसावं की ह्यांच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना. डोळे पुसले ते पडद्यालाच पुसले, शाळेला कळणार नाही.

ह्यांचे डोळे मिटलेलेच होते. मूठ तशीच घट्ट. पापण्या मात्र थरथरत होत्या, उत्तराची वाट बघत असल्यासारख्या. उठवायचं नाही हे मी ठरवून टाकलं. खुर्चीला खुर्ची लावली, त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आलेय मी. बसले खिडकीत. सोडा आता."

आणि ह्यांनी डोळे न उघडता गाडी सोडली.

तुझी,
मावशी